रडीचा डाव

३ जून २०२०, बुधवार. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. आम्ही चौलला राहतो, रेवदंड्याच्या अलीकडे. घरामागे सासऱ्यांची नारळ-सुपारीची वाडी. पोफळी एकामागून एक आडव्या पडायला लागल्या, तेव्हा सुरुवातीला मी मोजत होते. मग मोजणं सोडलं. पडवीवरची कौलं उडून खळ्यात फुटली. संध्याकाळी वारा पडला. वीज गेली ती जवळजवळ तीन आठवड्यांनी आली.

वादळाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, मुलगी बारा. मार्चपासून शाळा बंद. मुलगा सकाळी उठला की मोबाइल आणि रात्री झोपला की मोबाइल. मी ओरडायचे, पण तो शांत बसतो म्हणून मलाही बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू. वादळानंतर तिसऱ्या दिवशी घरातले सगळे फोन मेले. चौथ्या दिवशी तो खळ्यात फुटक्या कौलांवर दगड मारत बसला होता. शेजारच्या चार घरांतली मुलंही तशीच हिंडत होती. लॉकडाऊनमुळे त्या चार घरांपलीकडे जायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलेलं.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच्या हातातला दगड काढून घेतला आणि म्हणाले, "फोडतोस कशाला, त्याच्या लगोऱ्या कर."

कौलाचे तुकडे तासून गोल करायला मुलांना दोन दिवस लागले. पायरीच्या दगडावर पाणी ओतायचं आणि घासायचं. कडा धारदार असतात, म्हणून हे काम मोठ्या मुलांनी केलं. खालची खापरी तळहाताएवढी, वरची रुपयाएवढी, अशा सात. चेंडू चिंध्यांचा. आधी आम्ही त्यावर सायकलच्या ट्यूबच्या रिंगा चढवल्या, तो उसळायचा छान, पण पाठीत बसला की वळ उठायचा. मग रिंगा काढल्या आणि जुन्या मच्छरदाणीचं कापड घट्ट शिवलं. कोणाला करायचा असेल तर असाच करा. लहान मुलं मारायला घाबरत नाहीत, आणि मार खायलाही.

पहिला आठवडा मजेत गेला. अंधार पडला की डबा ऐसपैस. आडव्या पोफळी, झावळ्यांचे ढीग, लपायला जागाच जागा. एका संध्याकाळी झावळ्यांखालून फुरसं निघालं. एक मुलगा त्याच्यापासून हातभर अंतरावर लपला होता. त्या दिवसापासून लपायचं ते फक्त घराच्या पुढच्या बाजूला, असा नियम झाला. वादळ किंवा पुरानंतर मुलांना वाडीत मोकळं सोडू नका. हे मला आधी सुचायला हवं होतं. तीस वर्षांत किती फुरशी पाहिली असतील मी.

मग विटीदांडू. आबांनी आधी पोफळीच्या लाकडाची विटी केली, कारण तेच समोर पडलेलं. पण ते लाकूड सगळं धाग्याधाग्याचं. टोक काढायला गेलं की फाटतं. दुसरी विटी चिंचेच्या फांदीची, ती टिकली. आबा वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजायला लागले तशी मुलं हसून लोळली. हे आकडे तेलुगूच्या जवळचे आहेत, हे मला मुलीने सांगितलं. तिच्या वर्गात हैदराबादहून आलेला एक मुलगा होता.

तिसऱ्या दिवशी विटी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीच्या भुवईला लागली. कोलणारा माझा मुलगा. ती समोर उभी होती, कारण समोर उभं राहायचं नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा डोळाच गेला असं मला वाटलं. रस्त्यावर अजून झाडं पडलेली. तिच्या वडिलांनी स्कूटर काढली, मी मागे तिला मांडीवर घेऊन बसले. तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागती तर कठीण होतं.

तिची आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मुलगी त्यानंतर सात महिने आमच्या खळ्यात आली नाही.

आबांनी विटी आणि दांडू माळ्यावर टाकले. पुढच्या वर्षी खाली काढले ते काही अटींवर. दहा वर्षांखालचं कोणी खेळणार नाही. झेलायला उभे राहणारे विटी कोलायच्या गलीपासून निदान पंधरा पावलांवर. बघणाऱ्यांनी कोलणाऱ्याच्या पाठीमागेच उभं राहायचं. विटीची टोकं बोथट. जुन्या खेळांचं कौतुक करताना आपण हे विसरतो की आपल्या लहानपणी गावात एखादा तरी विटीने डोळा गेलेला माणूस असायचाच.

पावसाळ्यात खेळ पडवीत आला. सागरगोटे माझ्या आईकडचे होते, गुळगुळीत झालेले. हा मुलींचा खेळ म्हणून मुलगा आधी बसेना. मग बसला आणि बहिणीकडून इतके डाव हरला की शेवटी सागरगोटे अंगणातल्या चिखलात भिरकावले. पाचातले दोन सापडले नाहीत.

इथे मी शहाणपणा करायला गेले.

झालं असं, की वीज आल्यावर फोन आले आणि फोनवर एक संदेश फिरत आला. कोणत्या पारंपरिक खेळाने कोणता गुण वाढतो, त्याची यादी. लगोरीने एकजूट, विटीदांडूने एकाग्रता, लंगडीने चिकाटी, असं. मला ते फार पटलं. मी डी.एड. करून काही वर्षं शिकवलेलं आहे. तक्ता केला नाही तर आम्हाला चैन पडत नाही. गणपती झाल्यावर पाऊस ओसरला, मुलं पुन्हा खळ्यात आली. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तक्ता काढला. आडव्या ओळीत मुलांची नावं, उभ्या ओळीत प्रामाणिकपणा, सहकार्य, धीर. रोज खेळ संपला की चांदण्या. शनिवारी ज्याच्या चांदण्या जास्त त्याला आल्याच्या वड्यांचा पुडा. आणि पंच मी.

चार दिवसांत खेळाचा नूर बदलला. आधी कोणी गडबड केली की मुलं आपापसांत भांडायची, दोन मिनिटांत मिटायचं. आता ती माझ्याकडे यायची. "काकू, ह्याने ढकललं." "काकू, मी खरं बोलले ना, लिहा." एक मुलगा तर चेंडू न लागताच "मला लागला, मी आउट" म्हणायला लागला, चांदणीसाठी. त्याला काय म्हणावं मला कळेना. दिली चांदणी.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, माझा मुलगा लगोरी लावत होता. सहावी खापरी ठेवली आणि सातवी उचलली तेवढ्यात चेंडू त्याच्या पोटरीला लागला. मी चार हातांवर होते. मला दिसलं. तो ओरडला, "नाही लागला!" आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात त्याच्या आणि दुसऱ्या एका मुलाच्या चांदण्या सारख्या होत्या.

मी म्हणाले, "मला नीट दिसलं नाही. खेळा पुढे."

कोणी काही बोललं नाही. डाव संपला, मुलं घरी गेली. शनिवारी वड्यांचा पुडा माझ्या मुलाला मिळाला. रविवारी दोघंच खेळायला आले. सोमवारी कोणीच नाही.

आबा ओट्यावर बसून सगळं बघत होते. ते मला सुनेला बोलावं तसं कधी बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुकोबांनी हुतुतूवर अभंग लिहिले, विटीदांडूवर लिहिले, चेंडूफळीवर लिहिले. तक्ता नाही लिहिला कुठे." मग थोड्या वेळाने, "आमच्यात पंच नसायचा. रडीचा डाव खेळला की दुसऱ्या दिवशी त्याला कोणी हाक मारायचं नाही. मग तोच यायचा."

मी तक्ता काढून टाकला. मुलाला विचारलं, चेंडू लागला होता ना. तो म्हणाला, "तूच म्हणालीस दिसलं नाही." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या दुसऱ्या मुलाच्या घरी गेले आणि त्याला सांगितलं की मला दिसलं होतं. तो दहा वर्षांचा. म्हणाला, "आम्हाला माहितीय, काकू." त्याची आई चहा ठेवत होती, ती वळलीसुद्धा नाही. मला तो चहा गेला नाही.

मुलगा आठवडाभर एकटाच घरात. आठव्या दिवशी स्वतःच खापऱ्या घेऊन त्या मुलाच्या खळ्यात गेला. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. त्यानंतर मी पंचाचं काम केलेलं नाही. लागलं की नाही ह्यावर वाद झाला तर ती फेक पुन्हा, हा मुलांनीच काढलेला तोडगा. वाद फार लांबला तर डाव मोडतो आणि सगळेच रडतात. डाव मोडणं कोणालाच नको असतं. माझ्या चांदण्यांपेक्षा ह्या भीतीने जास्त काम केलं.

कच्च्या लिंबाबद्दल सांगायला हवं. त्या टाके पडलेल्या मुलीचा धाकटा भाऊ चार वर्षांचा. बहीण घरात बसलेली, पण हा कुंपणाच्या फटीतून यायचाच. मुलांनी त्याला कच्चा लिंबू केला. तो खेळतो, पळतो, ओरडतो, पण आउट होत नाही, राज्य येत नाही. पुढच्या वर्षी आमच्याकडे सुट्टीला आलेल्या मुंबईच्या एका ताईंना हे खटकलं. मुलाला कमी लेखल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. धावता न येणाऱ्यालाही डावात घ्यायचं आणि डावही बिघडू द्यायचा नाही, ह्याची एवढी सोपी सोय मला शाळेत शिकवताना कधी सुचली नव्हती. आणि मुलं त्याला जपतात. चेंडू त्याच्याकडे हळू जातो. दहा-अकराची मुलं, एरवी एकमेकांच्या पाठी सोलतील.

अडचण पुढे आली. तो सहाचा झाला आणि म्हणाला, मला राज्य हवंय. राज्य मागून घेणारा पोरगा मी पहिल्यांदा पाहिला. दिलं. अर्ध्या तासात रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा राज्य मागितलं.

डिसेंबरात आबांनी आट्यापाट्या काढल्या. ह्याला खळं पुरत नाही. नियमाप्रमाणे नऊ पाट्या, एका बाजूला नऊ गडी, आणि मधोमध उभी सूरपाटी. आम्ही रेवदंड्याच्या पुळणीवर गेलो. फावड्याच्या दांड्याने ओल्या वाळूत पाच पाट्या आखल्या, बारा मुलं होती. आबा म्हणाले, ह्याला लोणपाट असंही म्हणतात, लोण म्हणजे मीठ. पाट्या म्हणजे मिठागराचे बांध. बांधावरच्या राखणदाराने बांध सोडायचा नाही, आणि मीठ नेणाऱ्याने त्याला हूल देऊन पार जायचं, आणि परत यायचं. मुलांनी उरणकडची मिठागरं पाहिलेली, त्यांना ते लगेच कळलं. कबड्डीत लोण चढतो तो शब्द कुठला, हेही त्यांना तेव्हाच कळलं, म्हणजे आबांच्या मते.

पहिल्या दिवशी सगळा गोंधळ. पाटीवरच्याचा पाय रेषेवरून सुटतो आणि तो सुटलाच नाही म्हणतो. पण ओल्या वाळूत पाऊल उमटतं. वाद घालायला जागाच राहत नाही. खोटं बोलायचं तर आधी पाऊल पुसावं लागतं, आणि ते सगळ्यांदेखत. आट्यापाट्या मातीत खेळण्यापेक्षा ओल्या पुळणीवर खेळाव्यात, हे माझं स्वतःचं मत आहे. आबा म्हणतात, मग पाय शिकत नाही.

आमच्यात एक अंगाने जाड मुलगा होता. लगोरीत नेहमी पहिला बाद. त्याला पोरं भोपळ्या म्हणायची. पाटीवर तो उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याचे हात किती लांब आहेत, आणि तो हुलीला फसत नाही. इतर मुलं समोरचा हलला की हलतात. हा थांबायचा. त्याच्या पाटीवरून जायला पोरं दहा-दहा मिनिटं नाचायची. चिडवणं थांबलं असं नाही, भोपळ्याच म्हणतात अजून. पण गडी वाटून घेताना त्याला आधी मागतात.

आमची खरी फजिती भरतीने केली. मी दर रविवारी पाच वाजता असं ठरवलं होतं. पहिला रविवार छान गेला. दुसऱ्या रविवारी गेलो तर पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत. बारा मुलं, आखायला चार हात कोरडी रेती, आणि त्यात पर्यटकांच्या गाड्या. परत आलो. आम्ही समुद्राच्या काठी राहणारी माणसं आणि मला हे आधी सुचलं नाही. आबा हसले. त्यांनी मुलांना गणित शिकवलं: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल त्या वाजण्याच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे संध्याकाळचा खेळ नाही. ओहोटी त्यापासून सहा तासांनी. त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंत दुपार उतरल्यावर पुळण मोकळी मिळते. तेव्हापासून रविवार गेला आणि तिथी आली. महिन्यातून दोन वेळा, तीन-चार दिवस लागोपाठ. मुलगा कॅलेंडर भिंतीवरून काढून जमिनीवर ठेवतो आणि गुणाकार करतो. त्याला पाढे मी तीन वर्षं घोकून घेत होते.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या तशी पोपटी लावली, म्हणजे शेंगा मडक्यात भाजल्या. त्या संध्याकाळी भुवईवर व्रण असलेली ती मुलगी आली, आईला घेऊन. आईने शेंगा सोलताना मला विचारलं, "विटीदांडू नाही ना आता?" मी म्हटलं, माळ्यावर आहे. ती म्हणाली, "मग ठीक." मुलगी आट्यापाट्यात आली. इतकी चपळ निघाली की सूरपाटीवर तिलाच ठेवतात. माझ्या मुलाला ती अजून एक वाक्य धड बोलत नाही. डावात मात्र बोलते, "डावीकडे जा रे, गाढवा."

कबड्डीचं थोडक्यात सांगते, कारण अलिबाग तालुक्यात कबड्डी कोणाला शिकवावी लागत नाही. गावोगाव मंडळं, थंडीत मैदानी सामने. आबा तरुणपणी मंडळात खेळायचे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताला सुवर्ण मिळालं, तेव्हा पेढे वाटले होते म्हणतात. आमच्या मुलांनी कबड्डी शिकली ती टीव्हीवरची. प्रत्येक झटापटीनंतर हाताने चौकोन करून रिव्ह्यू मागायचा. कोणाकडे मागताय, आबा विचारायचे. कबड्डीत भांडणं जास्त झाली, दोनदा कपडे फाटले. मुलींना मुलांनी घेतलं नाही आणि मुलींनी मागितलंही नाही. मी मध्ये पडायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

शाळा सुरू झाल्या तसा गट मोडत गेला. थोरली दहावीला गेली, दोघं अलिबागला क्लासला जायला लागले. आता नवी चार-पाच लहान पोरं आहेत आणि जुन्यातली पाच. फोन घरोघर परत आलेत. माझा मुलगा रोज दीड तास फोनवर असतो आणि त्यावरून आमची रोज वाजते. खेळांनी तो सुधारला का, असं मला दोघीतिघींनी विचारलंय. कॅरम खेळताना तो सोंगटी करंगळीने हळूच सरकवतो. मी पाहिलंय. आट्यापाट्यात तसं करत नाही, तिथे दहा जण बघत असतात आणि वाळूत पाऊल उमटतं. ह्यापेक्षा जास्त मी छातीठोक सांगू शकत नाही.

आबांना आता पुळणीवर उभं राहवत नाही. पाट्या आखताना ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि काठीने दाखवतात, रेषा वाकडी गेली. खापऱ्यांतल्या पाच मूळच्या आहेत, दोन फुटल्या त्या नव्या केल्या. सातही खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात ओट्यावर ठेवलेल्या असतात. कोणीही घेऊन जातं आणि आणून ठेवतं.

उद्या त्रयोदशी. पावणेदहाला भरती, म्हणजे चारच्या सुमाराला पुळण मोकळी. मुलाने सकाळीच हिशोब करून फळ्यावर लिहिलंय. खाली बारीक अक्षरात, "आईने पाणी आणावे. बोलू नये."